ब्रूस मॅकलॅरेन : वेगाचा कारागीर

जगातील सर्वांत वेगवान आणि सर्वांत शक्तिशाली मोटारींची चर्चा निघाली की फेरारी, लॅम्बोर्गिनी, बुगाटी, मॅकलॅरेन ही नावे ओघाने येतातच. आज ती कंपन्यांची नावे म्हणून परिचित असली, तरी मुळात ती माणसांची आडनावे आहेत. एन्झो फेरारी यांना नव्वद वर्षांचे आयुष्य लाभले. फेरुचियो लॅम्बोर्गिनी यांनी पंचाहत्तरी ओलांडली. आपल्या नावाच्या मोटारी देशोदेशीच्या रस्त्यांवरून धावताना या दोघांनीही डोळे भरून पाहिल्या. ब्रूस मॅकलॅरेन यांच्या वाट्याला हे सुख आले नाही. त्यांचे निधन झाले तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते आणि त्यांच्या नावाची एकही मोटार रस्त्यावर चालवण्यासाठी बाजारात आलेली नव्हती. २०२२ मध्ये मुंबईत मॅकलॅरेन मोटारींचे दालन उघडले, तेव्हा त्या नावाच्या मूळ धन्याला जाऊन बावन्न वर्षे लोटली होती. तरीही सुपरकारच्या इतिहासात त्यांचे स्थान अढळ आहे. ते का, हे समजून घ्यायचे तर न्यूझीलंडमधील एका रुग्णालयातील खाटेपासून आरंभ करावा लागतो.

ब्रूस लेस्ली मॅकलॅरेन यांचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात झाला. रेम्युएरा या उपनगरात वडील लेस यांचा पेट्रोलपंप आणि मोटारदुरुस्तीची कार्यशाळा होती. लेस स्वतः हौशी शर्यतपटू होते. तेलाचा वास, हातोड्यांचे ठोके आणि उघडी पडलेली इंजिने यांच्या सहवासात मुलाचे बालपण सरत होते. खेळांचीही त्याला ओढ होती. पण नऊ वर्षांचा असताना तो लंगडू लागला. तपासणीत पर्थेस नावाच्या व्याधीचे निदान झाले. या व्याधीत मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाला होणारा रक्तपुरवठा खंडित होतो आणि खुब्याच्या सांध्यातील हाड मऊ पडून झिजू लागते. त्या काळी यावर एकच उपाय होता. पायावर भार येऊ न देता महिनोन्महिने पडून राहायचे आणि हाड पुन्हा भरून येण्याची वाट पाहायची.

ऑकलंडच्या विल्सन होम या मुलांच्या संस्थेत ब्रूसला ठेवण्यात आले. तेथे त्याचे पाय वजने लावून ताणून धरलेले असत आणि सारे शरीर एका चौकटीला बांधलेले असे. या अवस्थेत त्याने सुमारे दोन वर्षे काढली. धावण्या-बागडण्याच्या वयात आलेली ही सक्तीची निश्चलता एखाद्या मुलाला कडवट करून गेली असती. ब्रूसच्या बाबतीत तसे घडले नाही. तो बाहेर आला तो आनंदी, मनमिळाऊ आणि वयाच्या मानाने विलक्षण धीराचा मुलगा म्हणून. मात्र डावा पाय उजव्यापेक्षा आखूडच राहिला आणि चालताना पडणारा खोडा जन्मभर सोबतीला आला. पुढे सारे जग त्यांना वेगासाठी ओळखू लागले, तेव्हाही दोन पायांवर चालताना ते किंचित लंगडतच.

याच सुमारास वडिलांनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर ही जुनी छोटी मोटार विकत घेतली. तिचे इंजिन जेमतेम साडेसातशे घनसेंटिमीटरचे होते आणि गाडी सुट्या भागांच्या रूपातच घरी आली होती. बापलेकांनी ती जुळवली, दुरुस्त केली. वडिलांना ती फारशी भावली नाही आणि ते विकायला निघाले. मुलाने हट्ट धरला आणि गाडी घरातच राहिली. १९५२ मध्ये, चौदा-पंधरा वर्षांच्या वयात, मुरिवाय येथील डोंगरचढीच्या स्पर्धेत ब्रूस प्रथमच उतरला. तीच लहानशी ऑस्टिन आज इंग्लंडमधील वोकिंग येथे मॅकलॅरेनच्या मुख्यालयात मोठ्या मानाने ठेवलेली आहे.

त्यांनी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी प्रवेश घेतला. परंतु पदवीपेक्षा शर्यतीचे मैदान अधिक जवळचे ठरले. ऑस्ट्रेलियाचे जॅक ब्रॅबहॅम शर्यतींसाठी न्यूझीलंडला येत. त्यांना या तरुणातील गुण जाणवले होते. होतकरू चालकाला युरोपात पाठवण्याची एक शिष्यवृत्ती न्यूझीलंडच्या ग्रां प्री संघटनेने १९५८ मध्ये सुरू केली. तिचे पहिले मानकरी ब्रूस मॅकलॅरेन ठरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतील न्यूरबर्गरिंगच्या अवघड मार्गावर, मोठ्या गाड्यांच्या सोबतीने धावताना, त्यांनी आपल्या दुय्यम श्रेणीच्या कूपर गाडीतून एकंदर पाचवा आणि आपल्या श्रेणीत पहिला क्रमांक मिळवला. युरोपातील शर्यतींच्या जगाला एका नव्या नावाची नोंद घ्यावी लागली.

इंग्लंडमधील कूपर या छोट्या कारखान्याने त्या काळात मोठी उलथापालथ घडवली होती. तोवर शर्यतीच्या गाडीचे इंजिन पुढे असणे हाच शिरस्ता होता. कूपर यांनी ते चालकाच्या पाठीमागे बसवले. त्यामुळे गाडी आटोपशीर झाली, वजन मधोमध एकवटले आणि वळणावर ती अधिक चपळ बनली. आजच्या बहुतेक सुपरकारचे इंजिन चालकाच्या पाठीशी असते, त्या रचनेला शर्यतीच्या मैदानावर प्रतिष्ठा मिळाली ती याच काळात. मॅकलॅरेन या शाळेत शिकले. १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेतील सेब्रिंग येथे हंगामातील शेवटची शर्यत होती. आघाडीवरील ब्रॅबहॅम यांच्या गाडीतील इंधन अखेरच्या फेरीत संपले आणि त्यांना गाडी ढकलत अंतिम रेषेपर्यंत न्यावी लागली. जगज्जेतेपद तरीही त्यांनाच मिळाले. शर्यत मात्र जिंकली त्यांच्या बावीस वर्षांच्या सहकाऱ्याने. इतक्या लहान वयात ग्रां प्री जिंकण्याचा मॅकलॅरेन यांचा विक्रम २००३ मध्ये फर्नांडो अलोन्सो यांनी मोडेपर्यंत अबाधित राहिला. १९६० च्या हंगामात ते ब्रॅबहॅम यांच्या पाठोपाठ जगात दुसरे आले.

कीर्ती मिळाली, स्थिर नोकरी मिळाली. मॅकलॅरेन यांचे मन मात्र गाडी चालवण्याइतकेच ती घडवण्यात रमत होते. गाडी वेगाने का पळते, कोठे अडते, कोणता बदल केला की किती सेकंद वाचतात, या प्रश्नांचा ते चिकाटीने पाठपुरावा करीत. एका चाचणीच्या वेळची हकिकत प्रसिद्ध आहे. गाडी भरधाव असताना इंधनाच्या तोंडावरील झडप फडफडत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. वेग वाढला की हवेच्या दाबाने ती घट्ट बसायला हवी होती, पण ती अधिकच उसळू लागली. प्रथम त्यांना कामातील हलगर्जीपणाचा राग आला. मग उमगले की कवचाच्या आत हवा कोंडते आहे आणि तीच झडपेला वर ढकलते आहे. ते थांबले, कात्री मागवली आणि रेडिएटरच्या मागचा पत्रा स्वतः कापून हवेला वाट करून दिली. गाडी पुन्हा मैदानात गेली ती अधिक वेगाने. अनेक वेगवान मोटारींच्या पुढच्या झाकणावर आज दिसणाऱ्या नाकपुड्यांसारख्या वाटा याच विचाराने कोरलेल्या असतात.

१९६३ मध्ये त्यांनी ब्रूस मॅकलॅरेन मोटर रेसिंग ही स्वतःची कंपनी स्थापन केली. लंडनच्या नैर्ऋत्येस न्यू माल्डन येथे मातीच्या जमिनीची एक शेड हाच तिचा पहिला कारखाना. सोबतीला होते अमेरिकेचे टेडी मेयर, टायलर अलेक्झांडर आणि मोजके मेकॅनिक. बोधचिन्हावर न्यूझीलंडचा किवी पक्षी विराजमान झाला. जगातील अत्यंत वेगवान गाड्यांवर ज्याला उडताच येत नाही अशा पक्ष्याचे चित्र असावे, हा योगायोग त्यांच्या आयुष्याला साजेसाच होता.

पहिल्याच हंगामात नियतीने हिसका दाखवला. १९६४ च्या फेब्रुवारीत टास्मानियातील लाँगफर्ड येथे सराव करताना टेडी यांचे बंधू, संघाचे तरुण चालक टिमी मेयर अपघातात मृत्युमुखी पडले. त्यांचे वय २६ होते. मॅकलॅरेन यांनी ती स्पर्धामालिका जिंकली, पण तो विजय शोकात बुडालेला होता. सहकाऱ्याला वाहिलेल्या श्रद्धांजलीत त्यांनी मांडलेला विचार पुढे त्यांनाच लागू करण्यात आला. आवडीचे काम अधिकाधिक चांगले करण्याच्या प्रयत्नात मरण आले, तर ते आयुष्य वाया गेले असे समजू नये आणि जगण्याचे मोल केवळ वर्षांवरून ठरवू नये, असा त्याचा आशय होता. भाऊ गमावलेले टेडी मेयर माघारी फिरले नाहीत. ते संघाबरोबर राहिले आणि संघाचा व्यवहार त्यांनीच सांभाळला.

१९६६ हे वर्ष मॅकलॅरेन यांच्यासाठी कसोटीचे आणि कीर्तीचेही ठरले. मे महिन्यात मोनॅको येथे त्यांच्या नावाची गाडी प्रथमच फॉर्म्युला वनमध्ये उतरली. विमानसंशोधन संस्थेतून आलेले रॉबिन हर्ड यांनी तिचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड बसवून बनवलेल्या साहित्यातून घडवला होता. सांगाडा उत्तम होता. इंजिनाने मात्र साथ दिली नाही. पुढच्याच महिन्यात फ्रान्समधील ल मान्स येथे चोवीस तासांच्या शर्यतीत मॅकलॅरेन आणि त्यांचे देशबांधव क्रिस एमन यांनी फोर्ड जीटी ४० गाडीतून विजय मिळवला. त्या गाडीच्या जडणघडणीतही मॅकलॅरेन यांच्या चाचण्यांचा वाटा होता. फोर्डच्या गाड्या शेवटी जवळजवळ बरोबरीने आल्या. मॅकलॅरेन-एमन यांची गाडी आरंभी मागील जागेवरून सुटली होती, म्हणून तिने काही मीटर अधिक अंतर कापल्याचे मानून निकाल त्यांच्या बाजूने देण्यात आला.

तरीही सुपरकारच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे पर्व घडले ते अटलांटिकच्या पलीकडे. अमेरिका आणि कॅनडात होणाऱ्या कॅन-अॅम या मालिकेत इंजिनाच्या आकारावर व्यवहारतः बंधन नव्हते. शक्ती हवी तितकी वाढवा, पण ती जमिनीवर टिकवून दाखवा, असा जणू त्या स्पर्धेचा कायदाच होता. १९६७ मध्ये मॅकलॅरेन यांचा संघ पिकलेल्या पपईच्या रंगाच्या गाड्या घेऊन तेथे उतरला. सहापैकी पाच शर्यती त्या गाड्यांनी जिंकल्या आणि मॅकलॅरेन विजेते ठरले. पुढच्या वर्षी हा मान त्यांचे मित्र आणि न्यूझीलंडचेच डेनी हल्म यांना मिळाला. १९६९ मध्ये तर अकराच्या अकरा शर्यती या दोघांनी आपसांत वाटून घेतल्या. सहा मॅकलॅरेन यांनी, पाच हल्म यांनी. सात लिटरचे शेव्हरोलेट इंजिन, सहाशेहून अधिक अश्वशक्ती, हलके कवच आणि गाडीला जमिनीवर दाबून धरणारे पंख ही त्या यशाची सामग्री होती. खरे सूत्र वेगळे होते. इतर संघ हंगाम सुरू झाल्यावर जागे होत. मॅकलॅरेन यांची गाडी हंगामापूर्वीच शेकडो मैल चाचण्या देऊन तयार असे.

दरम्यान ९ जून १९६८ रोजी बेल्जियममधील स्पा येथे त्यांनी स्वतःच्या नावाच्या गाडीत ग्रां प्री जिंकली. ब्रॅबहॅम आणि डॅन गर्नी यांच्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये हे साधणारे ते तिसरेच. आघाडीवरील जॅकी स्टीवर्ट यांना अगदी शेवटी इंधनासाठी थांबावे लागले आणि मॅकलॅरेन पुढे गेले. आपण जिंकलो आहोत, हे त्यांना शर्यत संपल्यावर कळले.

आता त्यांच्या मनात आणखी एक स्वप्न आकार घेत होते. कॅन-अॅममधील गाडीवर बंदिस्त छत चढवून एम६जीटी नावाची मोटार तयार करण्यात आली. मूळ विचार तिला शर्यतीत उतरवण्याचा होता; परंतु त्या श्रेणीसाठी ठरावीक संख्येने गाड्या बनवण्याची अट आड आली आणि तो बेत बारगळला. मॅकलॅरेन यांनी मात्र ती गाडी टाकून दिली नाही. शर्यतीतील ज्ञान वापरून साध्या रस्त्यावर चालणारी जगातील सर्वांत वेगवान मोटार आपण बनवू शकतो, असा त्यांना विश्वास होता. ताशी सुमारे १६५ मैल, म्हणजे २६५ किलोमीटर वेगाचे लक्ष्य समोर होते. पहिल्या नमुन्याला रीतसर नोंदणी क्रमांक मिळाला आणि १९७० मध्ये स्वतः मॅकलॅरेन ती बुटकी, रुंद गाडी घर आणि कारखाना यांच्या दरम्यान चालवू लागले. कोठे काय खटकते, हे रोजच्या वापरातून टिपावे आणि मग उत्पादन सुरू करावे, अशी त्यांची योजना होती.

त्याच वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिस येथे सरावादरम्यान इंधनाने पेट घेतला आणि हल्म यांचे दोन्ही हात भाजले. कॅन-अॅमचा नवा हंगाम तोंडावर आला होता. इंडियानापोलिसची शर्यत आटोपून परतलेले मॅकलॅरेन मंगळवार, २ जून १९७० रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील गुडवुड मैदानावर नव्या एम८डी गाडीच्या चाचणीसाठी गेले. चाकांच्या सस्पेन्शनवर उभारलेल्या उंच पंखांवर नव्या नियमांनी बंदी आणली होती. त्यामुळे या गाडीचा पंख मागच्या कवचाच्या दोन उभ्या पाखांमध्ये बसवला होता. सरळ मार्गावर गाडी भरधाव असताना ते मागचे कवचच निखळून उडाले. पंख त्याच्यासोबत गेला आणि मागील चाकांना जमिनीवर दाबून धरणारा जोर क्षणात नाहीसा झाला. गाडी गरगरत मैदानाबाहेर गेली आणि पंचांच्या जुन्या चौकीच्या बांधकामावर आदळली. मॅकलॅरेन जागीच गतप्राण झाले. मागे पत्नी पॅट्रिशिया आणि चार वर्षांची मुलगी अमांडा राहिल्या. ज्याने आयुष्यभर बारीकसारीक दोष हुडकण्याचा ध्यास घेतला, त्याचा बळी कवचाच्या एका तुकड्याने घेतला, हे या चरित्रातील सर्वांत क्रूर वास्तव होय.

टेडी मेयर यांनी कारखान्यातील सर्वांना दुसऱ्या दिवशी घरी राहण्यास सांगितले. सकाळ झाली आणि सगळे कामावर हजर झाले. अपघातानंतर अवघ्या बाराव्या दिवशी, १४ जून रोजी, कॅनडातील मॉस्पोर्ट येथे पपईच्या रंगाच्या गाड्या मैदानात उभ्या होत्या. मॅकलॅरेन यांच्या जागी बोलावलेले डॅन गर्नी यांनी ती शर्यत जिंकली. हातांना पट्ट्या बांधलेले हल्म तिसरे आले आणि त्या वर्षीचे विजेतेपदही पुढे त्यांनीच मिळवले. धन्याचा मृत्यू झाल्यावर त्याच्या नावाचा कारखाना बहुधा मिटतो. हा मिटला नाही, कारण मॅकलॅरेन यांनी गाड्यांबरोबर माणसेही घडवली होती. हुकूम सोडण्याऐवजी ते स्वतः हातात पाना घेत. चूक झाली तर आधी स्वतःची तपासत. त्यांच्या पश्चात ही शिस्त त्या माणसांच्या हातांत उरली. १९७४ मध्ये एमर्सन फिटिपाल्डी यांनी मॅकलॅरेन गाडीतून जगज्जेतेपद पटकावले आणि उत्पादकांचे अजिंक्यपदही प्रथमच संघाकडे आले.

रस्त्यावरील मोटारीचे स्वप्न मात्र अपुरेच राहिले होते. ते पुढे नेण्यास अठरा वर्षांनी निमित्त मिळाले. १९८८ च्या हंगामात मॅकलॅरेन संघाने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. हुकलेली एकमेव शर्यत इटलीतील होती. तेथून परतताना मिलानच्या विमानतळावर विमानाची वाट पाहत असताना रॉन डेनिस, गॉर्डन मरे आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरील सर्वोत्तम मोटारीविषयी बोलू लागले. त्यातून साकारलेली मॅकलॅरेन एफ१ ही मोटार मे १९९२ मध्ये मोनॅको येथे जगासमोर आली. संपूर्ण सांगाडा कार्बन फायबरचा, चालकाचे आसन मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूंस किंचित मागे एकेक आसन. पाठीशी बीएमडब्ल्यूचे ६.१ लिटरचे बारा सिलिंडरांचे, ६२७ अश्वशक्तीचे इंजिन आणि उष्णता परतवण्यासाठी त्याच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख. अशा केवळ १०६ गाड्या तयार झाल्या. १९९५ मध्ये याच मोटारीच्या शर्यतीच्या आवृत्तीने पहिल्याच प्रयत्नात ल मान्स जिंकले. ३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीतील एरा-लेसिएन येथील चाचणीमार्गावर अँडी वॉलेस यांनी एफ१ ताशी ३८६.४ किलोमीटर वेगाने पळवली. सुमारे सात वर्षे उत्पादनातील एकाही मोटारीला हा आकडा मागे टाकता आला नाही.

त्यानंतर बुगाटी आणि कोएनिगसेग यांच्या मोटारींनी ताशी चारशे किलोमीटरची सीमा ओलांडली. अश्वशक्तीचा आकडा हजाराच्या पुढे गेला. विक्रम मोडण्यासाठीच असतात आणि पुढेही मोडले जातील. परंतु आकड्यांच्या या चढाओढीत एक गोष्ट झाकली जाते. प्रत्येक वेगवान मोटारीमागे शेकडो मैलांची कंटाळवाणी चाचणी, कापलेला पत्रा, पुन्हा घट्ट केलेला बोल्ट आणि कोणीतरी पत्करलेला धोका असतो. मॅकलॅरेन यांच्या लेखी वेग हा चैनीचा विषय नव्हता. तो चिकाटीने मिळवायच्या कारागिरीचा विषय होता. ही चिकाटी दोन वर्षे खाटेला खिळून हाड भरून येण्याची वाट पाहणाऱ्या त्या मुलाने फार लवकर आत्मसात केली होती.

ऑकलंडमधील वायकुमेटे स्मशानभूमीत ब्रूस मॅकलॅरेन चिरविश्रांती घेत आहेत. त्यांच्या आडनावाच्या गाड्या आज मुंबईच्या रस्त्यावरूनही सुसाट जाताना दिसतात आणि क्षणार्धात नजरेआड होतात. त्या चालवणाऱ्यांपैकी किती जणांना त्या आडनावाचा माणूस ठाऊक असेल, कोण जाणे. त्याने स्वतः अशी एकच गाडी वापरली. घरापासून कारखान्यापर्यंत आणि कारखान्यापासून घरापर्यंत.